मैदान कोणाचं, आणि किती वाजता?

(शारीरिक शिक्षणाच्या एका शिक्षकांच्या स्मृतीत चालणाऱ्या व्याख्यानमालेत अमरावती येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होते. त्यांच्या विषयाला वेळापत्रकात शेवटचा तास मिळायचा आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताकडे जायचा. सर त्यावर भांडले नाहीत. शाळा सुटली की पोरांना घेऊन मैदानावर जायचे आणि अंधार पडेपर्यंत तिथे उभे राहायचे. त्यांच्या स्मृतीला वाहायचं भाषण मैदान या विषयावर असावं असं मी सुचवलं आणि संयोजकांनी ते मान्य केलं, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

अमरावती आणि अकोला या आपल्या दोन्ही शहरांत सगळ्यांनी वापरायची मैदानं आहेत. अमरावतीत सायन्सकोर, नेहरू मैदान, दसरा मैदान. अकोल्यात क्रिकेट क्लबचं मैदान, लालबहादूर शास्त्री स्टेडियम, वसंत देसाई क्रीडांगण. मालकी कुठे जिल्हा परिषदेच्या शाळेकडे, कुठे महापालिकेकडे, कुठे क्लबाकडे. पण गावाच्या दृष्टीनं ती सगळी गावाची. सकाळी फिरणारे येतात, दुपारी पोरं क्रिकेट खेळतात, दसऱ्याला गर्दी होते, निवडणूक आली की सभा होते, हिवाळ्यात प्रदर्शन लागतं. सरकारी कागदावर याला ‘बहुउद्देशीय’ म्हणतात. माझं म्हणणं असं की अनेक कामांची जागा चालवायची तर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. त्या जागेवर पहिला हक्क रोज येणाऱ्याचा असला पाहिजे. आणि कधीमधी येणाऱ्यानं जाताना ती होती तशी करून दिली पाहिजे. वऱ्हाडात या दोन्ही गोष्टी आज ठरलेल्या नाहीत. त्या का ठरवाव्यात, हे मला आज सांगायचं आहे.

अमरावतीला खेळाचा वारसा आहे हे सांगायची गरज नाही, पण त्यातली एक बाजू आपण विसरतो. वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, 1914 साली इथे हनुमान आखाडा काढला. पुढे तो श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. हुतात्मा राजगुरूंनी तरुणपणी इथे व्यायामाचे धडे घेतले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा चमू जर्मनीला गेला आणि आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं त्यानं तिथे करून दाखवली. हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, जगाच्या व्यासपीठावर नेणाऱ्यांत वऱ्हाडातले लोक होते. त्यानंतर 54 वर्षांनी, 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत, कबड्डी पदकांच्या यादीत आली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. आपण या कथेत बर्लिन लक्षात ठेवतो. मला त्यातला आखाडा जास्त महत्त्वाचा वाटतो. ती माणसं आगगाडीत आणि बोटीत बसायच्या आधी वर्षानुवर्षं रोज पहाटे मातीत उतरली होती. त्यांची जागा ठरलेली होती, वेळ ठरलेली होती. तिथे दुसऱ्या कोणाचा मांडव पडलाय म्हणून आज तालीम बंद, असं त्यांना कोणी सांगत नव्हतं.

आखाडा संस्थेचा असतो. मैदान सगळ्यांचं असतं, आणि हे ‘सगळ्यांचं’ असणं फार मोठी गोष्ट आहे. मी खेळाची बाजू मांडतो म्हणून सभा-मेळाव्यांना विरोध करतो असं कोणी समजू नये. नोव्हेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली, ती अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा या प्रश्नावर. ज्या समाजाला देवळाचा उंबरठा बंद होता, दर वेळी सभागृहाचं भाडं परवडत नव्हतं, त्याला मोठ्या संख्येनं एकत्र यायला उघडी जागाच उरते. आज अकोल्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्तानं क्रिकेट क्लबच्या मैदानावर खेड्यापाड्यांतून माणसं येतात, बायका डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन येतात, रात्री उशिरापर्यंत बसून भाषणं ऐकतात. विजयादशमीला अमरावतीत अंबादेवी आणि एकवीरादेवीच्या पालख्या सीमोल्लंघनाला निघतात आणि दसरा मैदान माणसांनी भरून जातं. हे दिवस मैदानाचेच आहेत. त्या दिवशी क्रिकेटच्या पोरांनी स्टंप उचलून बाजूला व्हावं, हे मी प्रशिक्षक म्हणूनही सांगेन. वर्षातून ठरलेल्या दिवशी येणारी गर्दी मैदानाचं काही बिघडवत नाही, कारण ती येणार हे सगळ्यांना वर्षभर आधी माहीत असतं.

बिघाड होतो तो न ठरलेल्या दिवसांनी. एप्रिल 2024 मध्ये लोकसभेच्या प्रचारात सायन्सकोर मैदानावरून काय झालं ते या सभागृहातल्या बहुतेकांना आठवत असेल. एका पक्षाला आधी परवानगी मिळाली होती, मग त्याच दिवसासाठी मैदान दुसऱ्या सभेकडे गेलं. त्यावरून वाद झाला, बातम्या देशभर गेल्या. कोण बरोबर, कोण चूक यात मला पडायचं नाही. त्या सगळ्या वादात एक प्रश्न कोणीच विचारला नाही: त्या आठवड्यात तिथे रोज पळणारी पोरं कुठे पळाली?

ही रोज येणारी पोरं कोण आहेत ते जरा सविस्तर सांगतो, कारण शहरातल्या मोठ्या माणसांना ती दिसत नाहीत. ती उजाडायच्या आत येऊन जातात. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, बाळापूर, बार्शीटाकळी अशा गावांतून आलेली, चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहणारी, दिवसा अभ्यासिकेत बसणारी ही मुलं-मुली. त्यांना पोलीस व्हायचं असतं. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक. मुलींना 1600 च्या जागी 800 मीटर. मुलांच्या 1600 मीटरचे पूर्ण 20 गुण हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांत शर्यत संपवावी लागते. थोडा उशीर झाला की दोन गुण गेले, आणि दोन गुणांवर निवडयादी सरकते. कापसाचा आणि सोयाबीनचा भाव बाजाराच्या हाती आहे, पावसाचं कोणाच्या हाती नाही. या घरांत स्थिर पगाराचा तो एक रस्ता उरलेला असतो आणि तो मैदानातून जातो. चारशे मीटरची आखलेली धावपट्टी असेल तर त्या मुलाला चार फेऱ्या मोजता येतात. नसेल तर तो कुंपणाच्या कडेनं पळतो, मोबाईलवर अंतर बघतो आणि भरतीच्या दिवशी त्याला कळतं की आपला अंदाज चुकला. त्याच्या आयुष्याचं जेवढं मैदानावर अवलंबून आहे तेवढं मैदानावर सभा घेणाऱ्या कोणाचंही नाही.

आता मातीबद्दल. हा भाग मी लांबवणार आहे, कारण सरांना माती कळत होती आणि मैदानं सांभाळणाऱ्या अनेकांना ती कळत नाही.

आपल्याकडे काळी माती आहे. कपाशीला ती चांगली, मैदानाला अवघड. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात ती बुटाला किलोकिलोनं चिकटते, मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून वऱ्हाडात खेळायचं मैदान नुसतं सपाट करून होत नाही. वरची काळी माती काढावी लागते, खाली डबर टाकावा लागतो, त्यावर मुरुमाचा थर, त्यावर बारीक माती, मग पाणी आणि रोलर. मधोमध थोडा उंचवटा आणि कडेला उतार ठेवावा लागतो, चारी बाजूंनी नाल्या काढाव्या लागतात, नाहीतर जूनमध्ये पडलेलं पाणी सप्टेंबरपर्यंत बसून राहतं. क्रिकेटच्या खेळपट्टीला मात्र हीच काळी चिकण माती लागते. ती दाबून, पाणी देऊन, पुन्हा दाबून घट्ट बसवली की चेंडू नीट येतो. म्हणजे एकाच मैदानात मधल्या बावीस यार्डांना एक माती आणि बाकीच्या जागेला दुसरी. ज्यानं हे केलं आहे त्याला किती मेहनत पडते ते माहीत असतं.

अशा बसवलेल्या मैदानावर प्रदर्शन लागतं तेव्हा काय होतं? मांडवाच्या बल्ल्यांसाठी दोन-दोन फुटांचे खड्डे पडतात, एका मोठ्या मांडवाला असे शेकडो. सामानाचे ट्रक आत येतात आणि चाकोऱ्या पडतात. काम संपलं की खड्ड्यात सैल माती लोटतात आणि वरून पाय देतात. वरून सगळं सारखं दिसतं. पहिला पाऊस आला की ती सैल माती बसते आणि जिथे बल्ली होती तिथे वीतभर खोल भोक तयार होतं, वर पातळ चिखल. धावणाऱ्या मुलीचा घोटा त्यात अडकतो. जमिनीत राहिलेले खिळे, तारेचे तुकडे, काचा हे वेगळंच. घोट्याचा सांधा दुखावला की तीन महिने गेले, आणि भरतीची तारीख तीन महिने थांबत नाही. हा अपघात कोणत्याही नोंदवहीत येत नाही. मैदान भाड्यानं देणाऱ्याच्या हिशेबात भाडं येतं, घोटा येत नाही.

आणखी एक हिशेब. आपल्याकडे साधारण आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. त्या काळात काळ्या मातीचं मैदान दिवसच्या दिवस बंद. मार्चनंतर ऊन चढतं. अकोल्याचा पारा 45 च्या पुढे गेल्याच्या बातम्या बहुतेक उन्हाळ्यांत येतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी मुलाला मैदानावर उभं करणं धोक्याचं आहे. म्हणजे दिवसभर खेळता येईल असा काळ उरतो दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. शालेय स्पर्धांचे पुढचे टप्पे, क्रिकेटचे सामने, कबड्डीच्या स्पर्धा याच दिवसांत येतात. आणि ग्राहक प्रदर्शनं, सर्कस, महोत्सव, मेळावे यांचा हंगामही नेमका हाच, कारण माणसांना फिरायलाही हीच हवा आवडते. खेळाडूच्या वाट्याला मग चिखल येतो किंवा ऊन येतं. वर्षाचे 365 दिवस मोजून ‘मैदान तर बहुतेक वेळ मोकळंच असतं’ असं सांगणाऱ्यांनी यातले खेळण्याजोगे दिवस मोजावेत. कुठल्या महिन्यात कोणाला मैदान दिलं, हे पाहिल्याशिवाय ‘किती दिवस दिलं’ या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

जागा किती लागते, याबद्दलही गैरसमज आहेत. कबड्डीचं क्रीडांगण पुरुषांसाठी 13 मीटर बाय 10, व्हॉलीबॉलचं 18 बाय 9. एका कोपऱ्यात दोन्ही बसतात. चारशे मीटरच्या धावपट्टीला मात्र साधारण चार एकर लागतात, आणि तिच्या पोटात फुटबॉलचं मैदान बसतं. अडचण क्रिकेटची. खेळपट्टी मधोमध हवी, तिच्यावरून फुटबॉलवाले पळाले तर ती उखडते, आणि दोन्हीकडची पोरं एकमेकांकडे रागानं बघतात. हे भांडण खरं आहे, ते मिटवता येतं. खेळपट्टी एका बाजूला सरकवता येते, सरावाच्या जाळ्या कुंपणालगत लावता येतात, फुटबॉलला आठवड्यातले ठरावीक दिवस देता येतात. ही भांडणं खेळाडूंनी आपसांत बसून सोडवलेली मी अनेकदा पाहिली आहेत. मोठी पोरं म्हणतात, ‘पोट्ट्यांनो, सहा वाजेपर्यंत तुमचं, मग आमचं,’ आणि तो नियम वर्षानुवर्षं चालतो. कुठे लिहिलेला नसतो, पण सगळ्यांना माहीत असतो.

कोणी म्हणेल, आता क्रीडा संकुलं झाली आहेत, मग जुन्या मैदानांचा आग्रह कशाला? राज्याच्या 2001 च्या क्रीडा धोरणानंतर विभाग, जिल्हा आणि तालुक्याला संकुलं उभी राहिली. अमरावतीचं विभागीय संकुल मोर्शी रोडला आहे. अकोल्यात शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचं मुष्टियुद्धाचं केंद्र आहे आणि तिथल्या मुलांनी अकोल्याला बॉक्सिंगचं गाव अशी ओळख दिली. ही कामं चांगली आहेत, ती वाढावीत. पण संकुल निवडलेल्या खेळाडूसाठी असतं. तिथे नाव नोंदवावं लागतं, शुल्क असतं, वेळ ठरलेली असते. ज्याची अजून निवड व्हायची आहे, ज्याला आपल्याला काय येतं हेच माहीत नाही, तो दहा वर्षांचा मुलगा घरून चालत जाईल एवढ्याच अंतरावर पहिल्यांदा खेळेल. विदर्भानं रणजी करंडक तीनदा जिंकला: 2017-18, 2018-19 आणि 2024-25 मध्ये. नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण अमरावतीचा जितेश शर्मा, अकोल्याचा अथर्व तायडे, अकोल्याचाच वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे अशी नावं घेतली की लक्षात येतं, जामठ्याला पोचणारी मुलं जिल्ह्यांतून येतात. शहराच्या मधलं मैदान गेलं तर संकुलाच्या दारापर्यंत कोण पोचणार? ज्याच्या बापाकडे गाडी आहे, तोच.

मैदान जातं कसं, हेही समजून घेऊ. एका रात्रीत ते कोणी गिळत नाही. आधी एका कडेला पाण्याची टाकी येते. मग पार्किंग. मग रस्त्याच्या बाजूनं दुकानांचे गाळे, ‘उत्पन्नासाठी’. मग कशाचं तरी भवन. प्रत्येक वेळी कारण चांगलं असतं, म्हणून विरोध करणारा वाईट दिसतो. कायदा आपल्या बाजूनं आहे, पण तो आपोआप चालत नाही. विकास आराखड्यात क्रीडांगण म्हणून जागा आरक्षित असली आणि दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. अशी किती क्रीडांगणं नकाशावर होती आणि आज तिथे इमारती आहेत, हे आपापल्या शहराच्या आराखड्यात प्रत्येकानं पाहावं. उलट बाजूनं, बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयाला दिली गेली तेव्हा आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप टिकू दिलं नाही. रुग्णालय हे कारण चांगलंच होतं. पण मोकळी जागा हीसुद्धा आरोग्याचीच सोय आहे आणि रहिवाशांना ती मागण्याचा हक्क आहे, हे त्या निकालानं मानलं.

मग करायचं काय? मुंबईत शिवाजी पार्कवर खेळाखेरीजच्या कार्यक्रमांना वर्षातले 45 दिवस ठरवून दिलेले आहेत. ते जास्त आहेत की कमी, यावर तिथे वाद होतो, पण वादाला एक आकडा आहे. आमच्याकडे असा आकडा चर्चेतच येत नाही. माझी मागणी अशी की अमरावती आणि अकोल्यातल्या प्रत्येक सार्वजनिक मैदानाचं वर्षाचं वेळापत्रक एप्रिलमध्ये जाहीर व्हावं आणि मैदानाच्या फाटकावर मोठ्या अक्षरात लावावं. दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट हे दिवस आधीच राखून ठेवावेत. दिवाळी ते फेब्रुवारीतले बहुतेक दिवस खेळासाठी राखावेत. पहाटे पाच ते आठ ही वेळ वर्षभर कोणालाही भाड्यानं देऊ नये, मांडव असला तरी धावायला कडेची वाट मोकळी ठेवावी. आणि भाडं घेताना अनामत अशी घ्यावी की परत न मिळाल्यास आयोजकाला बोचेल. खड्डे मुरुमानं भरून, पाणी मारून, रोलर फिरवून दिल्यावर ती परत द्यावी. ते झालं की नाही हे महापालिकेच्या अभियंत्यासोबत तिथे रोज शिकवणाऱ्या प्रशिक्षकानं बघावं आणि त्याच्या सहीशिवाय अनामत सुटू नये. जमा झालेल्या भाड्यातला ठरावीक हिस्सा त्याच मैदानाच्या मातीवर खर्च व्हावा. आज भाडं मोठ्या तिजोरीत जातं आणि रोलरला डिझेल मागायला शिक्षकाला अर्ज करावा लागतो.

शेवटी मुलींबद्दल. सरांच्या काळात मैदानावर मुली कमी होत्या. आज पहाटे धावणाऱ्यांत मुली मोठ्या संख्येनं आहेत, आणि त्यांच्यासाठी मैदानावर काय आहे ते मी सांगतो: बहुतेक ठिकाणी काही नाही. कुलूप लावलेलं स्वच्छतागृह, ज्याची किल्ली कोणाकडे आहे ते कोणाला माहीत नसतं. कपडे बदलायला आडोसा नाही. डिसेंबरमध्ये संध्याकाळी सहाला अंधार पडतो, दिवे सभेच्या दिवशीच लागतात, म्हणून कबड्डीच्या मुली साडेपाचलाच घरी निघतात, मुलं खेळत राहतात. मेळाव्याला लाखाचा मांडव एका रात्रीत उभा राहू शकतो, हे या शहरानं अनेकदा पाहिलं आहे. एका मैदानावर चालू नळ असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह, त्याची किल्ली सांभाळणारी पगारी बाई आणि रात्री साडेआठपर्यंत जळणारे दिवे एवढं काम पुढच्या हिवाळ्याआधी व्हावं. ते कोणत्या मैदानापासून सुरू करायचं हे महापालिकेनं ठरवावं, आणि ठरवताना त्या मैदानावर खेळणाऱ्या मुलींना बैठकीला बोलवावं.